गोठ्याला मुभा, स्कूटरला नोटीस

मे महिना लागला की उपनगरांतल्या फॅब्रिकेटरांना बोलायलाही फुरसत नसते. रो हाउसच्या कडेची चिंचोळी पट्टी, बंगल्याची मागची बाजू किंवा सोसायटीचा एखादा कोपरा पाहून चार पाइप रोवायचे, वर निळा पन्हळी पत्रा जे-हुकांनी आवळायचा. दोन दिवसांत शेड तयार. तिच्याखाली स्कूटर येते, पाण्याची मोटर येते, कुंड्या येतात आणि 'लागतील कधीतरी' म्हणून ठेवलेल्या उरलेल्या फरश्याही येतात. परवानगी काढली का, असे विचारले तर मालक आधी हसतो. मग आवाज खाली आणून विचारतो, 'का हो, कुणी तक्रार केलीय का?' आपल्याकडचा खरा नियम हाच आहे. तक्रार नसेल तोवर ती शेड. तक्रार गेली की अनधिकृत बांधकाम.

कायदा याबाबत गप्प आहे असे नव्हे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ मधली 'विकास' या शब्दाची व्याख्या एवढी ऐसपैस आहे की तिच्यात टॉवरही मावतो आणि कारशेडही. डिसेंबर २०२० मध्ये मुंबई व काही क्षेत्रे वगळून राज्यभर एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली आली. आच्छादित क्षेत्र मोजताना झाडाचा पार, विहीर, झोपाळा, पंपघर, पहारेकऱ्याची खोपी यांना वगळण्याचा समंजसपणा नियमांत आहे. पावसाळ्यापुरते गच्चीवर घातलेले आच्छादनही तात्पुरत्या बांधकामाच्या परवानगीत बसते. पण पाऊस सरल्यावर पत्रा काढून ठेवणारा घरमालक आम्ही अजून पाहिलेला नाही. आणि बारमाही शेड सामासिक अंतरात आली, म्हणजे ज्याला सगळे 'साइड मार्जिन' म्हणतात तिथे आली, की तिच्या वाट्याला वाढीव मजल्याचीच रांग येते. आर्किटेक्ट, नकाशा, छाननी शुल्क आणि हेलपाटे यांचा हिशेब केला तर शेडपेक्षा तिचा कागद महाग पडतो. मग परवानगी मागणार कोण?

गंमत अशी की याच विधिमंडळाने त्याच १९६६ साली महाराष्ट्र जमीन महसूल संहिताही केली. तिच्यात 'शेतघरा'ची व्याख्या आहे: अवजारे, खत, चारा, पिकलेले धान्य ठेवायला किंवा गुरे बांधायला उभारलेली वास्तू. कलम ४१ने अशा वास्तूची मुभा शेतकऱ्याला दिली. नगरपालिकांच्या हद्दीत आणि आणखी काही ठिकाणी जिल्हाधिकाऱ्याची परवानगी लागते, हे खरे. पण मूळ भूमिका विश्वासाची आहे. गोठा बांधणारा माणूस तिथे गुरेच बांधणार, हे सरकारने गृहीत धरले. शहरात स्कूटरवर पत्रा घालणाऱ्याकडे मात्र तो उद्या तिथे भाडेकरू ठेवणार अशाच नजरेने पाहिले जाते.

ही नजर अगदीच निराधार नाही. मार्जिन ही मालकाची मेहेरबानी नसून शेजाऱ्याचा उजेड, वारा आणि वेळप्रसंगी अग्निशमन दलाची वाट असते. पत्र्याचा उतार कुंपणापलीकडे काढला की चार महिने पागोळ्या शेजारच्या भिंतीवर पडतात. दसऱ्यापर्यंत त्या भिंतीला शेवाळ धरते, आतल्या खोलीला कुबट वास येतो आणि दोन घरांचे बोलणे बंद होते. डिसेंबर २०१७ मध्ये कमला मिल आवारात गच्चीवरच्या उपाहारगृहांना लागलेल्या आगीत १४ जण गेले. ती घरगुती शेड नव्हती. पण मोकळी म्हणून ठेवलेली जागा झाकली की काय होते, ते मुंबईने तेव्हा पाहिले.

म्हणूनच सूट हवी ती मापासह. इंग्लंडमध्ये बहुतेक घरांना अंगणातली शेड किंवा गॅरेज परवानगीशिवाय बांधता येते. मात्र ती घराच्या दर्शनी बाजूच्या पुढे नको, कुंपणापासून दोन मीटरच्या आत असेल तर उंची अडीच मीटरच्या वर नको आणि तिच्यात स्वतंत्र बिऱ्हाड तर मुळीच नको. तिथेही लबाडी होतेच. लंडनजवळच्या स्लाव शहरात मागच्या अंगणातल्या शेडमध्ये भाडेकरू कोंबले जाऊ लागले, तेव्हा २०१३ साली तिथल्या पालिकेने उष्णता टिपणारा कॅमेरा लावून विमान फिरवले. लबाड शोधायचे तर विमान पाठवले, पण सगळ्यांच्या शेडवरची सूट मागे घेतली नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

आपला रिवाज उलटा. आधी डोळेझाक, मग दंड, शेवटी माफी. महापालिका अधिनियमाच्या कलम २६७ अ नुसार अनधिकृत बांधकामावर मालमत्ता कराच्या दुपटीपर्यंत शास्ती लागू शकते, आणि ती भरली म्हणून बांधकाम अधिकृत होत नाही. पिंपरी-चिंचवडकरांनी या शास्तीविरुद्ध वर्षानुवर्षे आंदोलने केली. २०२३मध्ये सरकारने तिथली शास्ती माफ केली. त्याआधी २०१७च्या कायदा दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०१५ पर्यंतची बेकायदा बांधकामे नियमित करण्याची वाट उघडली होती. अख्ख्या इमारतींसाठी एवढे मन मोठे करणाऱ्या राज्याला चार खांबांच्या शेडसाठी एक सरळ नियम करता येऊ नये?

तो एका पानात मावेल. भिंती नसलेली, ठरलेल्या उंचीची आणि क्षेत्रफळाची, घराच्या मागे किंवा कडेला अग्निशमनाची वाट सोडून उभी केलेली, पाणी स्वतःच्याच आवारात उतरवणारी शेड परवानगीतून मोकळी करावी. मालकाने फोटोसह ऑनलाइन कळवले की पुरे. तिच्यात दुकान, गोदाम वा बिऱ्हाड आढळले तर मात्र सवलत त्याच दिवशी संपावी आणि कारवाईसाठी शेजाऱ्याच्या अर्जाची वाट पाहू नये. पुढचा मे लागण्याआधी नगरविकास खात्याने हे पान काढावे आणि महापालिकांनी ते प्रत्येक वॉर्ड ऑफिसच्या दारावर मराठीत चिकटवावे.