कानाला सवय होत नसते

यंत्रमागावरचे कामगार असोत, पिठाची गिरणी चालवणारे असोत वा मिरवणुकीत ढोल-ताशा वाजवणारी तरुण मुले असोत, ‘एवढ्या आवाजाचा त्रास होत नाही का?’ असे विचारले की उत्तर एकच मिळते, ‘कानाला सवय झाली, डॉक्टर.’ हे उत्तर चुकीचे आहे आणि घातकही. कानाला सवय होत नसते. तो थोडा थोडा बहिरा होत असतो.

हे समजण्यासाठी शाळेतले भौतिकशास्त्र थोडे आठवावे लागेल. आवाज म्हणजे हवेतील कंपने. सेकंदाला किती कंपने होतात, त्यावर स्वर उंच की खालचा हे ठरते. ही संख्या हर्ट्झमध्ये मोजतात. निरोगी तरुण कानाला साधारण २० ते २० हजार हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात. कंपन किती जोरकस आहे, त्यावर आवाज लहान की मोठा हे ठरते.

हा जोर डेसिबलमध्ये मोजतात आणि इथेच सामान्य माणसाची फसगत होते. १० डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दहापट होते, २० वाढले की शंभरपट. आपल्या कानाला मात्र १० डेसिबलची वाढ जेमतेम दुप्पट वाटते. या रचनेमुळेच पानांची सळसळ आणि ढगांचा गडगडाट दोन्ही आपण ऐकू शकतो. पण धोका किती वाढला, हे कान सांगत नाही.

साधे बोलणे सुमारे ६० डेसिबलचे असते. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला ८ तासांपेक्षा जास्त ऐकू नये. त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा करायचा. म्हणजे ८८ ला ४ तास, ९१ ला २ तास आणि १०० ला अवघी १५ मिनिटे! ध्वनिवर्धकांच्या भिंतीपुढे तासन्‌तास नाचणाऱ्यांनी हा हिशेब स्वतःच करून पाहावा.

आपल्या आतल्या कानात, शंखासारख्या वळलेल्या भागात, सुमारे १५ हजार सूक्ष्म केसयुक्त पेशी असतात. त्या कंपनांचा संदेश मेंदूकडे धाडतात. मोठ्या आवाजाने त्या थकतात. कानात दडे बसतात, गुणगुण सुरू होते. दुसऱ्या दिवशी बरे वाटते, म्हणून आपण विसरतो. असे वारंवार झाले की या पेशी मरतात. त्या पुन्हा तयार होत नाहीत आणि त्यावर औषधही नाही. बहुधा उंच स्वर टिपणाऱ्या पेशी आधी जातात. ‘स’, ‘श’ यांसारखी अक्षरे उंच कंपनांचीच. म्हणून असा रुग्ण म्हणतो, ‘ऐकू येते, पण काय बोलतात ते कळत नाही.’

२००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. तरीही उत्सवापूर्वीच्या बैठकांत ‘आवाज बेताचा ठेवू’ असे मोघम ठरते. बेताचा म्हणजे कोणाच्या कानाने? ध्वनिवर्धकाशेजारी उभ्या असलेल्या कार्यकर्त्याच्या कानाला तर आधीच दडे बसलेले असतात. माझे स्पष्ट मत आहे की आवाज कानाने नव्हे, मापकानेच ठरवावा. तापमापी घरात ठेवतो तसा ध्वनिमापक प्रत्येक मंडळाने ठेवावा.

प्रत्येकाला करता येण्याजोग्या गोष्टीही आहेत. उघड्या मैदानात एका ध्वनिवर्धकापासूनचे अंतर दुप्पट केले, तर आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो, म्हणजे सुरक्षित वेळ चौपट होतो. वादकांनी व कामगारांनी फोमचे कर्णरोधक वापरावेत. साध्या कापसाचा बोळा फारसा उपयोगी नाही. हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावे लागत असेल, तर तिथून निघावे. दडे बसले किंवा गुणगुण दोन दिवसांत थांबली नाही, ऐकू कमी येऊ लागले, तर कानात तेल न घालता कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून श्रवणचाचणी करून घ्यावी. गेलेले ऐकू येणे परत आणता येत नाही; उरलेले मात्र नक्की राखता येते.