खेळ आधीं, हुकूम मागाहून

सिंदेवाहीच्या बाजारपेठेंत संध्याकाळीं घटकाभर उभें राहिलें म्हणजे एक देखावा सहज दृष्टीस पडतो. शेटजी गल्ल्यावर बसलेले असतात. सहा-सात वर्षांचें पोर तांदळाच्या पोत्यांवरून उड्या मारीत असतें, वजनें लपवितें, गिऱ्हाइकास वेडावून दाखवितें. त्यास प्रथम दटावणी मिळते, मग शिवी, मग चपराक; आणि दुसरे दिवशीं पुन्हा तोच प्रकार. पोर जन्मतःच द्वाड, असें म्हणून बाप मोकळा होतो.

आम्हांस हा निकाल मान्य नाहीं. दिवसभरांत त्या पोराकडे बापाचें लक्ष केव्हां केव्हां गेलें, याचा जमाखर्च मांडून पाहावा. वजन लपविलें तेव्हां गेलें, उडी मारली तेव्हां गेलें. तें मुकाट्यानें पाटीवर रेघोट्या ओढीत बसलें होतें तेव्हां मात्र गेलें नाहीं. व्यापाऱ्याच्या मुलास एवढा हिशेब न शिकवितां कळतो! ज्या मालास उठाव, तोच माल तें दुकानांत आणितें.

अमेरिकेंतील ओरेगॉन प्रांतीं कॉन्स्टन्स हान्फ या विदुषीनें १९६० नंतरच्या दशकांत अशा अनावर मुलांच्या आयांस शिकविण्याची एक रीत बसविली. पुढें शीला आयबर्ग यांनीं ती वाढविली. तींतील पहिला धडा शिक्षेचा नसून खेळाचा आहे. रोज निदान पांच मिनिटें आईबापांनीं मुलाशेजारीं बसावें. खेळ मुलानें निवडावा व मोठ्यांनीं त्याच्या मागें जावें. तेवढ्या वेळांत हुकूम नाहीं, उलटतपासणी नाहीं, चुका काढणें नाहीं. मूल चांगलें करील तें बोलून दाखवावें, क्षुल्लक खोडीकडे काणाडोळा करावा. हें अंगवळणी पडल्यावर मग दुसरा धडा: हुकूम थोडे व स्पष्ट द्यावे, आणि दिलेले पाळवून घ्यावे.

यानें मूल लाडावेल अशी शंका कित्येक सद्गृहस्थ घेतील. त्यांनीं आट्यापाट्यांचा डाव आठवावा. पाटी धरणाऱ्यानें आपली रेघ सोडावयाची नाहीं, हा नियम मोडला कीं डाव मोडला. आईच्या दहा हांकांस न जुमानणारें पोर धुळींत ओढलेल्या त्या रेघेस मान देतें, कारण रेघ सोडल्यास खेळच हातचा जातो. अशा खेळांत बाप गडी म्हणून उतरला, एकदां हरला, आणि हरूनही हंसला, तर मुलास जें दिसेल तें छडीनें दाखवितां यावयाचें नाहीं. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या १७ व्या कलमानें शाळेंत मुलास मारणें निषिद्ध झालें आहे. पण पुष्कळ घरांत ती छडी अद्याप खुंटीवर आहेच.

आपल्या महाराष्ट्रांतही याचा पडताळा आहे. ताराबाई मोडक यांनीं १९४५ सालीं बोर्डी येथें बालशिक्षणाचें केंद्र काढलें व १९५७ सालीं तें कोसबाडच्या टेकडीवर गेलें. वारली पाड्यांवरचीं पोरें शाळेंत येईनात. तेव्हां ताराबाई व अनुताई वाघ यांनीं पोरांस दोष देण्याऐवजीं शाळाच त्यांच्या अंगणांत नेली; गुरें राखणाऱ्या मुलांसाठीं ती कुरणांत भरविली. मुलास आपल्याकडे ओढण्यापूर्वीं आपण त्याच्या जागीं जावें लागतें, हें त्यांनीं ओळखलें होतें.

आमच्या झाडीपट्टींत तर खेळाची वाण नाहीं. धान घरांत आलें कीं थोर माणसें रात्ररात्र नाटक पाहतात. मग घरच्या ओट्यावर पोराला राजा करून आपण घटकाभर त्याचा भालदार होण्यास लाज कसली? दुकान बंद करण्यापूर्वीं वेळ नसेल तर बंद केल्यावर तो काढावा. मात्र ज्या मुलास नीट ऐकूं येत नाहीं, वा ज्याचें बोलणें फार मागें पडलें आहे, त्याच्या हट्टाचें मूळ निराळें असूं शकतें. त्यास आधीं डॉक्टरास दाखवावें.

तान्हा पोळा आला म्हणजे पोरें लांकडी नंदी घेऊन दारोदार जातात व आपण त्यांच्या हातावर बोजारा ठेवून पुन्हा गल्ल्याकडे वळतों. यंदा आदल्या रात्रीं बापानें स्वतः बसून त्या नंदीचें निखळलेलें चाक ठोकावें, शिंगें रंगवावीं. आणि रंग कोणता लावावयाचा तें मुलास विचारावें. त्यानें निळा सांगितला तर निळाच लावावा.