खेळ कशानें होतो ?

गेल्या सुट्टींत आमच्या घरीं दुपारच्या वेळीं सोंगट्यांचा पट मांडला जात असे. एका बाजूस आमचे वडील, दुसऱ्या बाजूस सात वर्षांचा त्यांचा नातू. तीन दिवस नातवानें डाव जिंकला आणि चौथ्या दिवशीं जिंकतां जिंकतांच पट उधळून तो रडूं लागला ! कारण विचारतां हुंदके देत म्हणाला, "आजोबांना माझी सोंगटी मारतां येत होती. त्यांनीं मुद्दाम दुसरीच चालविली. हा खेळच नव्हे !" जिंकल्यावर रडावयाचें कशाला, असें म्हणून घरच्या मंडळींनीं त्याची समजूत घातली. आम्हांस मात्र पोराचा मुद्दा बिनतोड वाटला.

खोखोचेंच पाहा. पळणाऱ्यास शिवणें एवढाच हेतु असता, तर नऊच्या नऊ गड्यांनीं उठून त्यास घेरावें. पळभरांत काम होईल. पण तसें न करतां आठ जण एकाआड एक उलटसुलट तोंडें करून बसतात. धांवणाऱ्यानें मधली पाटी ओलांडावयाची नाहीं, एकदां घेतलेली दिशा खांब गांठल्यावांचून बदलावयाची नाहीं, आणि खो द्यावयाचा तो पाठीमागूनच. सोपें काम इतकें अवघड करावयाचें कशासाठीं ? तर त्या अडचणींतूनच खेळ उत्पन्न होतो म्हणून. १९१४ सालीं पुण्याच्या डेक्कन जिमखान्यांत या खेळाचे नियम बांधले गेले आणि २०२५ च्या जानेवारींत दिल्लीस त्याचे पहिले विश्वचषक सामने झाले. पण हें मूळ सूत्र कायम आहे. बर्नार्ड सूट्स या तत्त्वज्ञानें १९७८ सालच्या आपल्या ग्रंथांत खेळाचें लक्षण सांगतांना याच गोष्टीवर भर दिला आहे : जी अडचण पत्करण्याची कांहींच गरज नाहीं, ती राजीखुषीनें पत्करून तिच्यावर मात करूं पाहणें.

परंतु तेवढ्यानें भागतें असें आम्हांस वाटत नाहीं. सापशिडींत नियम आहेत, अडचणी तर घराघरांत तोंड वासून बसल्या आहेत. पण खेळणाऱ्यास करावयाचें काय? दान पडेल तितकीं घरें मोजावयाचीं. त्याच्या जागीं शेजारच्या काकूंनीं फांसा टाकला तरी फरक पडत नाहीं. आपल्याकडील जुन्या मोक्षपटांत ही पराधीनता शोभून दिसे. कारण तेथें पापपुण्याची वाट दाखवावयाची होती, बुद्धीची परीक्षा पाहावयाची नव्हती. सोंगट्यांचें तसें नाहीं. दान कवड्यांच्या हातीं खरें, पण तें कोणत्या सोंगटीस लावावयाचें हें आपल्या हातीं. फुलीच्या घरांत सुरक्षित बसावें, कीं धोका पत्करून पुढें जावें ? पटाचा सारा जीव या निवडींत आहे. (१८९६ सालीं इंग्लंडांत पेटंट घेतलेल्या ल्यूडोंतही ती थोडीबहुत उरली आहे.) बुद्धिबळांत तर दान मुळींच नाहीं, म्हणून हरल्यावर दैवास बोल लावण्याचीही सोय नाहीं.

आतां त्या दुपारकडे वळूं. पोरानें डोकें चालवून आपली सोंगटी धोक्यांत घातली होती. आजोबांनीं ती सोडतांच तो धोका खोटा ठरला, आणि त्याच्याबरोबर त्याचा विचारही. वडिलांचा हेतु मायेचा होता, यांत संशय नाहीं. पण दुबळ्या गड्यास सवलत द्यावयाचीच तर ती डाव मांडण्यापूर्वीं, उघडपणें द्यावी. बुद्धिबळांत वजीर काढून ठेवतात तशी. त्यांत कोणाचा अपमान होत नाहीं.

दुसऱ्या दिवशीं नातवाची एक सोंगटी आधींच घरांत पोहोंचलेली धरावयाची असा करार होऊन डाव पुन्हां सुरू झाला. वडिलांनीं त्याच्या सोंगट्या निर्दयपणें मारल्या. पोरगा हरला, थोडा फुरंगटला, आणि चहा होण्यापूर्वींच पट झाडून हजर झाला. सध्यां वडिलांची तक्रार एवढीच आहे कीं, तो कवड्या फार जोरानें फेंकतो आणि कपाटाखालीं गेलेल्या कवड्या काढावयास त्यांना वांकावें लागतें.