मदत कसणाऱ्याच्या हाती पडावी

कोरोनाच्या टाळेबंदीत, २६ मार्च २०२० रोजी केंद्राने १.७० लाख कोटींचे गरीब कल्याण पॅकेज जाहीर केले. त्यात ८.७ कोटी शेतकऱ्यांना २,००० रुपये होते. पण पीएम-किसान योजनेचे वर्षाचे ६,००० आधीच ठरलेले. एप्रिलमध्ये आला तो त्यातलाच हप्ता. अडचणीच्या वेळी आला, हे खरे. नवा पैसा त्यात नव्हता.

भंडाऱ्यासारख्या धानाच्या जिल्ह्यात दुखणे आणखी खोल आहे. सातबारा एकाच्या नावावर, चिखलात उतरणारे पाय दुसऱ्याचे. ठेक्याने शेती करणारा बियाणे, खत, रोवणीची मजुरी स्वतःच्या खिशातून भरतो. हप्ता मात्र सातबाऱ्यावरच्या नावाला. त्या पॅकेजमध्ये रोवणी करणाऱ्या भूमिहीन बाईला जनधन खाते असेल तरच महिन्याला ५०० रुपये मिळाले, तेही तीनच महिने. एवढ्यात घर कसे चालावे?

त्याच वर्षी ऑगस्टअखेर वैनगंगेला महापूर आला. उभे धान पाण्याखाली गेले. पुढे राज्याने धानाला क्विंटलमागे ७०० रुपये बोनस दिला; पण खरेदी केंद्रावरही सातबाराच मागतात.

आता ई-पीक पाहणीत मोबाइलवर पिकाची नोंद होते. तिथेच कसणाऱ्याचे नावही नोंदवावे, ग्रामसभेत वाचून दाखवावे आणि पुढच्या संकटात मदत त्या यादीवरून द्यावी.