लॉर्ना इज बॅक!

तुमचा रूममेट हदगावचा असो की हडपसरचा, त्याला लॉर्ना ऐकवाच. कोकणी कळत नाही? नो प्रॉब्लेम! १९७१चं ‘बेबदो’ सुरू झालं की पाय आपोआप हलतात.

ट्रम्पेटवादक ख्रिस पेरीच्या बँडसोबत लॉर्ना कॉर्देरो मुंबईच्या क्लबांमध्ये जॅझ गायची. मग दोघांचं बिनसलं आणि तिचं गाणंच थांबलं. थोडंथोडकं नाही, वीसहून जास्त वर्षं! बँडलीडर गेला की गायिकेनंही गप्प बसायचं, हा कुठला न्याय?

१९९५मध्ये रॉनी मोन्सेराटनं तिला पुन्हा माइकसमोर आणलं. हा काही हौशी पोरगा नव्हे. वडील पीटर मोन्सेराट हिंदी सिनेमाच्या स्टुडिओंमधले नावाजलेले ट्रम्पेटवादक, त्यामुळे वाजवणं घरातच मुरलेलं. अशा माणसासोबत आल्बम आला, ‘आयकात म्हजो तावो’. म्हणजे, ऐका माझा आवाज! इतकी वर्षं गप्प राहिलेल्या बाईनं आणखी काय म्हणायचं? त्याच वर्षी पणजीत, मिरामारला, पन्नाशीच्या उंबरठ्यावरची लॉर्ना पुन्हा स्टेजवर उभी राहिली.

या जोडीवर बेतलेला ‘नाचुंया कुंपासार’ २०१४मध्ये आला. पिक्चर मस्तच आहे, पण आधी हा आल्बम मिळवा. आणि प्लीज, मोबाइलच्या स्पीकरवर नको.