छायाचित्राची करुणा, कायद्याची जबाबदारी

१९७१ च्या हिवाळ्यात आमच्या घरी येणाऱ्या पाकिटांवर नेहमीच्या टपाल तिकिटाशेजारी पाच पैशांचे आणखी एक तिकीट दिसू लागले. आरंभी ते कुटुंबनियोजनाच्या जुन्याच तिकिटावर निर्वासितांच्या साहाय्याची अक्षरे छापून तयार केलेले होते. पुढे निर्वासितांचे चित्र असलेले स्वतंत्र तिकीट आले. १५ नोव्हेंबर १९७१ पासून लागू झालेला हा अधिभार १९७३ पर्यंत टिकला. शाळकरी वयात मला त्याचे अप्रूप होते ते संग्रहापुरते. प्रशासनात आयुष्य घालवल्यावर मात्र त्या पाच पैशांमागचे शहाणपण उमगले.

त्या वर्षी पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी माणसे भारतात आली. कोलकात्याजवळच्या सॉल्ट लेक भागात सिमेंटच्या नळ्यांमध्ये संसार मांडून बसलेल्या कुटुंबांची छायाचित्रे जगभर छापली गेली. रघु राय यांच्यासारख्या भारतीय छायाचित्रकारांनी हा लोंढा टिपला. १ ऑगस्टला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पंडित रविशंकर आणि जॉर्ज हॅरिसन यांनी मदतीसाठी संगीतसभा घेतली. तिच्या ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावरही एक उपाशी बालकच होते. छायाचित्राने जगाचे मन हेलावले, हे निर्विवाद. पण छावण्यांत रोज तांदूळ शिजवायचा होता आणि कॉलऱ्याची लस टोचायची होती. त्यासाठी हेलावलेले मन पुरत नाही, नियमित महसूल लागतो. पाच पैशांच्या तिकिटाने त्या महसुलाला हातभार लावला.

या दोन गोष्टींतील अंतर २०१५ मध्ये पुन्हा दिसले. २ सप्टेंबरला तुर्कस्तानातील बोडरमच्या किनाऱ्यावर एका चिमुकल्या सीरियन मुलाचा मृतदेह वाहून आला. निलुफर देमिर या वार्ताहर छायाचित्रकार महिलेने टिपलेले ते दृश्य काही तासांत जगभर पोहोचले. तोवर सीरियातील यादवीला चार वर्षे उलटली होती आणि बळींची संख्या लाखांत गेली होती. ते आकडे जे करू शकले नाहीत, ते वाळूत पालथ्या पडलेल्या एका देहाने केले.

किती काळ, याचा हिशेब पुढे काही मानसशास्त्रज्ञांनी मांडला. स्वीडनच्या रेड क्रॉसने सीरियन निर्वासितांसाठी उघडलेल्या निधीत छायाचित्र प्रसिद्ध झाल्यानंतरच्या आठवड्यात दररोज येणाऱ्या देणग्यांची संख्या आधीच्या आठवड्याच्या शंभरपटीहून अधिक झाली. साधारण सहा आठवड्यांत हा पूर ओसरला. पॉल स्लोव्हिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या २०१७ मधील या अभ्यासाचा एवढाच भाग बहुधा उद्धृत होतो. त्यातील दुसरी नोंद मला अधिक मोलाची वाटते. दरमहा ठरावीक रक्कम देण्याचे ज्यांनी त्या काळात मान्य केले, त्यांची संख्या ऑगस्टच्या तुलनेत दसपट झाली आणि त्यांपैकी जवळजवळ कोणीही पुढील काही महिन्यांत मागे हटले नाही. भावना ओसरली, तिला त्या काळात मिळालेली चौकट तेवढी टिकली.

राज्यकर्त्यांचे वर्तनही याच आलेखावरून गेले. अधिक निर्वासित घेणे हा उपाय नव्हे, असे सांगणारे ब्रिटिश पंतप्रधान डेव्हिड कॅमेरॉन यांनी ७ सप्टेंबरला २०,००० सीरियन लोकांना पाच वर्षांत आश्रय देण्याची घोषणा केली. पण त्या वर्षी एक लाख साठ हजारांहून अधिक आश्रय-अर्ज आलेल्या स्वीडनने नोव्हेंबरमध्येच सीमेवर तपासणी सुरू केली. मार्च २०१६ मध्ये युरोपीय संघाने तुर्कस्तानशी समझोता करून ग्रीक बेटांवर नव्याने येणाऱ्यांना परत पाठवण्याची व्यवस्था केली. त्याच वर्षी भूमध्य समुद्रात पाच हजारांहून अधिक माणसे मरण पावली किंवा बेपत्ता झाली. त्यांतही मुले होतीच. जगाच्या स्मरणात त्यांचे चित्र नाही.

छायाचित्र दार उघडते, तसे ते लावूनही घेते. ऑक्टोबर २०१५ मध्ये क्रोएशियातून स्लोव्हेनियात येणाऱ्या निर्वासितांच्या लांबलचक रांगेचे एक वृत्तछायाचित्र प्रसिद्ध झाले होते. जून २०१६ मध्ये, ब्रेक्झिटच्या मतदानाला आठवडा उरला असताना, नायजेल फराज यांनी तेच छायाचित्र भित्तिपत्रकावर छापून देशाची सहनशक्ती संपल्याचा इशारा दिला. टिपणाऱ्याचा हेतू तो नव्हता. पण एकटे मूल दिसले की आपल्याला आपले मूल आठवते आणि रांग दिसली की आपली जागा आठवते. वस्तुस्थितीत काडीचाही फरक न होता केवळ चौकट बदलल्याने लोकमत फिरत असेल, तर अशा लोकमतावर सीमाधोरण उभारणे धोक्याचे आहे.

आपल्या शेजारचे उदाहरण याहून बोलके आहे. ऑगस्ट २०१७ नंतर म्यानमारमधून सात लाखांहून अधिक रोहिंग्या बांगलादेशात आले. त्यांच्या छायाचित्रांसाठी रॉयटर्सच्या चमूला २०१८ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले. त्या चमूत आपले दानिश सिद्दीकी होते. नावेतून उतरून थकल्या हाताने किनाऱ्याला स्पर्श करणारी त्यांच्या छायाचित्रातील स्त्री अनेकांना आठवत असेल. २०२३ मध्ये निधीअभावी जागतिक अन्न कार्यक्रमाने याच निर्वासितांचा माणशी मासिक शिधा १२ डॉलरवरून आधी १० आणि नंतर ८ डॉलरवर आणला. पुढे तो वाढवला गेला, पण त्या कपातीचे कोणते छायाचित्र काढणार होते? रिकामे होत जाणारे ताट एका क्षणात टिपता येत नाही.

आणि जिथे कॅमेरा पोहोचूच दिला जात नाही, तिथे काय होते? १९७८ मध्ये दंडकारण्यातील पूर्व बंगाली निर्वासित सुंदरबनातील मरिचझापी बेटावर जाऊन वसले. जानेवारी १९७९ मध्ये पश्चिम बंगाल सरकारने बेटाची नाकेबंदी केली, मे महिन्यात बळाने बेट रिकामे केले आणि पत्रकारांना तेथे जाण्यास मज्जाव केला. किती जण मेले, यावर आजही एकमत नाही. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला वाटते, या घटनेचे देशाच्या स्मृतीतील स्थान पुसट राहिले, त्यामागे दृश्य पुराव्याची वानवा हेही एक कारण आहे.

जिल्हा प्रशासनात असताना याचाच छोटा नमुना मी अनुभवला. पुरात अडकलेल्या एका वस्तीचे छायाचित्र दैनिकांत पहिल्या पानावर आले आणि दोन दिवसांत तिथे कपड्यांचे, बिस्किटांचे ट्रक रांगेने उभे राहिले. नदीच्या वरच्या अंगाला तीन गावे त्याहून वाईट अवस्थेत होती; रस्ता खचल्यामुळे छायाचित्रकार तिथे गेला नव्हता. ट्रक वळवा म्हटले तर दाते तयार होईनात. त्यांना ‘ती’ वस्ती हवी होती. त्यात त्यांचा दोष नव्हता. सर्व गावांची यादी आमच्याकडे आधीपासून तयार नव्हती, हा दोष आमचा होता.

म्हणून छायाचित्रकारांना बोल लावण्याचे कारण नाही. त्यांनी पाहिले नसते, तर आपण पाहिलेच नसते. प्रश्न पुढचा आहे. सहा आठवड्यांच्या त्या अवधीत राज्यसंस्था काय उभारते?

भारताने १९५१ चा निर्वासितविषयक करार स्वीकारलेला नाही आणि आपल्याकडे निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदाही नाही. तिबेटींना एक वागणूक, श्रीलंकेतील तमिळांना दुसरी, असे धोरण प्रसंगानुरूप ठरत आले. फेब्रुवारी २०२१ च्या लष्करी उठावानंतर म्यानमारमधून तीस हजारांहून अधिक माणसे मिझोरामात आली. केंद्राने प्रवेश रोखण्यास सांगितले. निर्वासिताचा दर्जा देण्याचा अधिकार राज्यांना नाही, याचीही आठवण दिली. रक्ताच्या नात्यातील माणसांना हाकलणे मिझो समाजाला मान्य नव्हते. राज्य सरकार, चर्च आणि गावकरी यांनी आपल्या ताकदीनुसार भार उचलला. उर्वरित देशाला हे फारसे कळलेही नाही, कारण जगाला हादरवणारे एखादे छायाचित्र तिथून आले नाही.

सुरक्षेची चिंता खोटी नाही. सीमेवर कोण येतो, हे तपासण्याचा राज्याला अधिकार आहे आणि ते त्याचे कर्तव्यही आहे. पण त्यासाठीच कायदा हवा: नोंदणीची पद्धत, ठरावीक मुदतीत निर्णय देणारा प्राधिकारी, निर्णयाविरुद्ध दाद मागण्याची सोय आणि सीमावर्ती राज्यांच्या खर्चातील केंद्राचा निश्चित वाटा. १९९६ मध्ये अरुणाचल प्रदेशातील चकमांच्या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, अनुच्छेद २१ चे संरक्षण केवळ नागरिकांना नव्हे, तर प्रत्येक व्यक्तीला आहे आणि ते देण्यास राज्य बांधील आहे. त्या निकालाला कोणत्याही हृदयद्रावक छायाचित्राचा आधार लागला नव्हता. संविधानातील ‘व्यक्ती’ हा एक शब्द पुरेसा ठरला.

पुढचे छायाचित्र येईल, यात शंका नाही. ते पाहून आपण अस्वस्थ होऊ, आणि व्हायलाच हवे. ते विस्मरणात गेल्यावरही छावणीतील चूल पेटती ठेवणारी व्यवस्था त्याआधी तयार असावी, एवढेच मागणे आहे. १९७१ मध्ये तुलनेने गरीब असलेल्या या देशाने त्यासाठी प्रत्येक पाकिटामागे पाच पैसे मोजले होते.