‘काही नाही, जाऊ द्या!’

डोळ्याला चष्मा लागला की माणूस विद्वान दिसतो आणि कानाला यंत्र लागले की म्हातारा! या दोन इंद्रियांत आपल्या समाजाने हा पंक्तिभेद फार पूर्वीपासून केला आहे. नाटकात आंधळा आला तर डोळ्यांत पाणी येते, बहिरा आला तर हशा पिकतो. एकनाथमहाराजांच्या भारुडांतही बहिरा आहे, पण ते बहिरेपण परमार्थातले. प्रपंचातले बहिरेपण मात्र विनोदाच्या खाती जमा होते. ज्याच्या वाट्याला ते येते तो आधी त्या विनोदात सामील होतो, मग हसणे सोडतो आणि शेवटी चार माणसांत बसणेच सोडतो. आज लिहायचे आहे ते या शेवटच्या पायरीविषयी.

ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यात नोकरीसाठी येऊन स्थायिक झालेली एक पिढी आता निवृत्त होऊन घरी बसली आहे. कोणी वागळे इस्टेटमध्ये, कोणी डोंबिवलीच्या एमआयडीसीत यंत्रांच्या घरघरीत आयुष्य काढले. कोणी तीस-पस्तीस वर्षे लोकलच्या खडखडाटात. कारखाना कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात गोंगाटाने येणाऱ्या बहिरेपणाची व्यवसायजन्य रोग म्हणून नोंद होती, हे त्यातल्या कितीजणांना ठाऊक असेल? त्यात वयाची भर पडते आणि साठीनंतर कधीतरी घरात वाद सुरू होतात.

ते वाद का होतात, हे समजून घेण्यासारखे आहे. कानाच्या आतल्या शंखासारख्या भागात सूक्ष्म केशपेशी असतात. त्या एकदा गेल्या की पुन्हा उगवत नाहीत, आणि साधारणपणे आधी जातात त्या उंच पट्टीचे आवाज टिपणाऱ्या. त्यामुळे आवाज ऐकू येतो, शब्द कळत नाही. स्वर पोहोचतात, व्यंजने गळतात. ‘सात’, ‘हात’ आणि ‘भात’ एकसारखेच वाटू लागतात. मुलाचा जाड आवाज कळतो, पण सुनेचा आणि नातवंडांचा बारीक आवाज निसटतो. मग घरचे म्हणतात, ‘यांना सोयीचे तेवढे बरोबर ऐकू येते!’ आरोप साफ खोटा असतो, पण खोडून काढायचा कसा?

बँकेच्या नोकरीत मी महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पेन्शनरांची रांग पुष्कळ वर्षे पाहिली. ऐकू न येणारा माणूस त्या रांगेत चटकन ओळखू येई. तो प्रत्येक वाक्याला मान डोलवी. ठेव किती मुदतीची? ‘हो.’ वारस कोण लावायचा? ‘हो, हो.’ मागे रांग खोळंबलेली असताना चारचौघांत ‘काय म्हणालात?’ असे तिसऱ्यांदा विचारण्यापेक्षा नको तिथे सही केलेली त्याला परवडे. आता बँक खिडकीतून उठून मोबाइलमध्ये गेली आहे. फोनवरचे बोलणे कळत नाही, म्हणून फोन मुलाच्या हाती द्यायचा. आपल्याच पैशाचा व्यवहार दुसऱ्याच्या कानाने ऐकायचा. ज्या माणसाने जन्मभर स्वतःचा हिशेब स्वतः ठेवला, त्याच्या मनाला हे किती लागत असेल, याचा विचार व्हायला हवा.

मनावरचा भार इथून सुरू होतो. अर्धेमुर्धे शब्द जुळवून अर्थ लावण्याच्या कष्टाने मेंदू दमतो. दमलेला माणूस कट्ट्यावर जायचे टाळतो, गडकरी रंगायतन किंवा अत्रे रंगमंदिरातले नाटक टाळतो, लग्नकार्य टाळतो. घरात दोघे हळू बोलू लागले की ते आपल्याचविषयी आहे, असा संशय येतो. पुढे औदासीन्य येते. भलतीच उत्तरे ऐकून घरच्यांना वाटते, विस्मरण सुरू झाले. कधी ते खरेही असते, पण आधी कान तपासलेला नसतो.

‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाला हातभार लावणारी आणि टाळता येण्याजोगी चौदा कारणे सांगितली. त्यांत श्रवणदोष आहे. म्हणून यंत्र लावले की स्मृतिभ्रंश टळला, असे मात्र नव्हे. अमेरिकेत सत्तर ते चौऱ्याऐंशी वयाच्या ९७७ जणांचा तीन वर्षे अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. सगळे मिळून पाहता यंत्राने बुद्धीच्या ऱ्हासात फरक पडला नाही. ज्यांना धोका मुळात अधिक होता, त्यांच्यात मात्र तो ऱ्हास जवळजवळ निम्म्याने मंदावला. मला अधिक मोलाचा वाटला तो त्याच अभ्यासातला दुसरा निष्कर्ष. श्रवणयंत्राची मदत मिळालेल्यांच्या गोतावळ्यात तीन वर्षांनी, इतरांच्या तुलनेत, सरासरी एक माणूस अधिक टिकून राहिला. एकच माणूस! पण सत्तरीनंतर एक माणूस म्हणजे काय, हे कट्ट्यावरची जागा रिकामी झालेली पाहणाऱ्याला विचारावे.

कायद्याची मदत इथे फारशी होत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार दोन्ही कानांत किमान ६० डेसिबलची घट असावी लागते. घरातले नेहमीचे बोलणेच साधारण तेवढ्या आवाजाचे असते. म्हणजे पन्नासची घट असलेल्याला ते कुजबुजीसारखे ऐकू येईल, पण सरकारदरबारी त्याला काही झालेले नाही!

बाहेरचा गोंगाट वेगळाच. २००० सालच्या नियमांनी रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली. ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर यांच्या जनहित याचिकेवर उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१६ मध्ये सविस्तर निकाल दिला. तरी मिरवणुकीत भिंत थरथरतेच. यंत्र लावलेल्या माणसाला हा गोंगाटही वाढूनच ऐकू येतो. तो यंत्र काढून खिशात ठेवतो, आणि मग ते खिशातून कपाटात जाते.

घरच्यांच्या हाती मात्र पुष्कळ आहे. साठीनंतर साखर तपासतो तसा कान तपासून घ्यावा. कधी नुसता मळच निघतो. वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून याच कामासाठी आहे. यंत्र आणले की पहिल्याच दिवशी चमत्काराची अपेक्षा नको. नव्या आवाजांची सवय व्हायला मेंदूला काही आठवडे लागतात. बोलताना समोर यावे, टीव्ही बंद करावा, आणि ओरडण्यापेक्षा सावकाश बोलावे. ओरडल्याने स्वर मोठे होतात, व्यंजने नव्हे. शिवाय ऐकणाऱ्याला आपल्यावर कोणी रागावले आहे, असेच वाटते.

आणि एक वाक्य घरातून हद्दपार करावे. सगळे हसले, आजोबांनी विचारले, ‘काय झाले?’ आणि उत्तर मिळाले, ‘काही नाही, जाऊ द्या!’ सांगणाऱ्याचे दहा सेकंद वाचतात. ऐकणाऱ्याला तेवढ्यात कळते की या घरातल्या हसण्यात आपला वाटा उरलेला नाही. तो विनोद फुटकळ असला तरी पुन्हा सांगावा, सावकाश, समोर बसून. पुढच्या वेळीही ते आपण होऊन ‘काय झाले?’ असे विचारतील, एवढी खबरदारी घ्यायला यंत्र लागत नाही.